मुंबईच्या उकाड्यात रोल घरी धुताना

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल रसायनांत धुण्याच्या बहुतेक सूचना २० अंशांच्या पाण्यापासून सुरू होतात. परळला आमच्या चौथ्या मजल्यावर मे महिन्यात भरदुपारी नळ सोडा, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं. म्हणून टेबलावरचा प्रोसेसर, म्हणजे फिल्म धुण्याचं मशीन, घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा: त्यात हीटर असतो, फ्रीज नसतो. पाणी तापवून ठेवायचं काम तो करेल, गार करायचं काम तुमचं.

माझ्याकडे जोबो कंपनीचं सीपीई-२ हे जुनं मशीन आहे, सेकंडहँड घेतलेलं. खाली पाण्याचा ट्रे, त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या आणि शेजारी फिल्म भरलेला बंद टँक मोटरवर आडवा फिरतो, थोडा या बाजूला, थोडा त्या बाजूला. घडीच्या टेबलावर आरामात बसतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र ठेवू नका, आणि रसायनांची मापं स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नका. आमच्या सासूबाईंनी माझ्या मापांवर लाल नेलपॉलिशने फुल्या मारून ठेवल्यात, ती पद्धत उत्तम आहे.

२० अंशांच्या मागे लागू नका. मी २४ वर काम करते. बर्फाचे खडे ट्रेमध्ये टाकले तर पाणी वाढत जातं आणि बाटल्या तरंगून कलंडतात. त्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायच्या, त्यातली एक ट्रेमध्ये आडवी सोडायची आणि पाणी २४ वर आलं की उचलायची. एवढं पाणी एकदा गार झालं की रोल धुऊन होईपर्यंत फारसं हलत नाही. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टीच ३५ पासून सुरू होते. प्रयोगशाळेतला काचेचा आणा. प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतो.

आता वेळेचा हिशेब. इल्फर्ड कंपनीची एचपी५ प्लस ४०० ही फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, एकास एक पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटं. इल्फर्डचा ठोकताळा असा की २० अंशांना ६ मिनिटं लागत असतील तर २३ ला साडेचार पुरतात. त्या प्रमाणात २४ ला आपली ११ मिनिटं साडेसातवर येतात. टँक सतत फिरत असल्यामुळे आणखी १५ टक्के कमी करायचे. पण माझ्या १५२० नंबरच्या टँकमध्ये फिरवताना २४० मिली एवढंच द्रावण जातं, आणि इतक्या कमी द्रावणात ३६ फोटोंचा रोल धुवायचा तर कोडॅक १० टक्के वेळ वाढवायला सांगतं. वजाबाकी-बेरीज करून ७ मिनिटं. टँकमध्ये फिल्म गुंडाळायची रीळं दोन मावतात, तरी या मिश्रणात एकाच वेळी एकच रोल. पाणी न मिसळलेला डी-७६ वापरू नका: २४ अंशांना त्याची वेळ ५ मिनिटांच्या खाली उतरते आणि आकाशात पट्टे दिसू शकतात.

डी-७६ तयार मिळाला नाही तरी अडत नाही. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. साधारण ५० अंशांच्या पाऊण लिटर पाण्यात क्रमाने एकेक विरघळवायचं, शेवटी पाणी घालून लिटर पुरा करायचा. मेटॉल सल्फाइटच्या दाट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते पहिलं. त्याच्याही आधी सल्फाइट फक्त चिमूटभर. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ उठतं. द्रावण रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा.

पूर्ण अंधारात रोल रिळावर भरणं हा मुंबईतला सगळ्यात वैतागाचा भाग. चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड आत न शिरणाऱ्या पिशवीत, हात घातले की दोन मिनिटांत घाम, घामाने आत दमटपणा, आणि दमट प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म अर्ध्यात अडकते. अशा वेळी जोर लावू नका, फिल्म मुडपते आणि तिथे अर्धचंद्रासारखे काळे डाग पडतात. पावसाळ्यात मी बॅग वापरतच नाही. रात्री एसी चालवून खोली कोरडी करायची, एसीचे दिवे चिकटपट्टीने झाकायचे, दाराच्या फटीला चादर लावायची. त्याआधी रीळ हेअर ड्रायरने सुकवून घ्यायचं आणि फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने गोल कापायचे. टँकचं झाकण लागलं की दिवा लावा.

बाकीचं सोपं आहे. टँक मोटरवर फिरत असतानाच डेव्हलपर एका दमात ओता. सात मिनिटं झाली की फेकून द्या, तो एकदाच वापरायचा. मग अर्धा मिनिट स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं आंबट पाणी. घरातलं पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, एवढ्याने भागतं. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. तो किती वेळ, हे बाटलीवर वाचण्यापेक्षा फिल्मलाच विचारा: रोल भरताना कापलेला टोकाचा तुकडा फिक्सरमध्ये टाकायचा, दुधाळपणा जाऊन तो पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवा.

शेवटी फिक्सर पाण्याने धुऊन काढण्यासाठी नळ चालू ठेवायची गरज नाही, आमच्याकडे तेवढा वेळ पाणी येतही नाही. टँक मोटरवरून काढा, २४ अंशांच्याच पाण्याने भरा, ५ वेळा उलटासुलटा करून ओता. पुन्हा भरून १० वेळा, पुन्हा भरून २० वेळा. दीड लिटरच्या आत काम होतं. पाणी थेट नळाचं नको. ओल्या फिल्मचा थर गरम पाण्याने मऊ पडतो आणि नखाचा ओरखडाही कायमचा उमटतो. सगळ्यात शेवटी फिल्टरचं पाणी आणि वेटिंग एजंटचा, म्हणजे पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचा, एखादा थेंब. फिल्म बोटांनी निपटायची नाही.

घरात कोणाची तरी आंघोळ नुकतीच झालेली असेल तर बाथरूममध्येच टांगा, तेव्हा हवेतली धूळ खाली बसलेली असते. वर चिमटा, खाली दोन चिमटे वजनाला. पंखा लावू नका. जानेवारीत दोन-तीन तासांत फिल्म खडखडीत होते, जुलैमध्ये रात्रभर राहू द्या. मग सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला, आणि स्लीव्ह सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. कपाटात नुसत्या ठेवलेल्या निगेटिव्हना इथे बुरशी लागते.