पेरूवर बुलबुल, घरात दोन मांजरं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या परड्यात लालबुड्या बुलबुलानं पेरूवर घरटं केलं. आठेक फूट उंचीवर, म्हणजे मांजराला सहज चढण्याजोगं! हा पक्षी सहसा फार उंच घरटं बांधत नाही.

लक्ष्मीपुरीतून दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा आणला आणि पहिल्या फांदीखाली खोडाला गुंडाळला. खिळे मारले नाहीत. सैलसर तारेनं बांधला, झाडाची साल शाबूत राहते. पण मांजर खोडावरूनच चढतं असं थोडंच आहे? कंपाउंडच्या भिंतीकडं झुकलेली फांदी छाटली, भिंतीवर बोगनवेलीच्या काटेरी फांद्या टाकल्या. घरट्यालगतची पानं मात्र ठेवली, नाहीतर कावळ्यांचं फावतं.

अंडी साधारण 14 दिवसांत फुटतात, पुढं बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. खरा धोका तेव्हा. धड उडता येत नाही, खाली बसतात. गळ्यात घंटा बांधून इथं उपयोग शून्य, ऐकून पळणार कोण? म्हणून त्या आठवड्यात मांजरं घरातच कोंडली. पहिल्या दिवशी नुसता कालवा; सुक्या बोंबलावर तह झाला.

खाली बसलेलं पिल्लू उचलून घरात आणू नका. आई-बाप तिथंच भरवतात. शेजारचा बोका दिसला की पाण्याची पाईप!