नव्या घराचा पहिला हिवाळा: या चुका टाळा

'घर नवंकोरं आहे, त्याला काय होतंय?' बर्फ पडणाऱ्या मुलखात थंडीच्या तोंडावर हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जुन्या घराचा मालक निदान धास्तावलेला तरी असतो. नव्या घराचा मालक किल्ल्या हातात पडल्या की थेट पडदे निवडायला बसतो.

नवं घर ओलं असतं, हे आधी डोक्यात घ्या. काँक्रीट, गिलावा, रंग, लाकूड, सगळ्यांत बांधकामाचं पाणी मुरलेलं असतं आणि ते निघून जायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. अशा घराच्या खिडक्या थंडी वाजते म्हणून गच्च बंद केल्या की ते पाणी वाफ होऊन आतच फिरतं, थंड काचेवर आणि कोपऱ्यांत जाऊन बसतं. मग कपाटामागे बुरशी.

एका ओळखीच्या घरी मालकांना धीर नव्हता. भिंती लवकर सुकाव्यात म्हणून त्यांनी धुराडं नसलेला गॅस हीटर दिवसरात्र पेटता ठेवला. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. म्हणजे भिंती सुकवायच्या नावाखाली ते घरात पाणीच ओतत होते. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो जिवाशी खेळ. भिंती पाझरायला लागल्या तेव्हा त्यांनी काय करावं? वरून वॉटरप्रूफ रंग मारला! आतली ओल आतच अडकली आणि उन्हाळ्यापर्यंत रंगाचे पोपडे हातात आले.

मी सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडतो, पाच-दहा मिनिटं, आणि मग बंद. बाहेरच्या गार हवेत वाफ कमी असते. ती हवा आत येऊन तापली की ओल शोषून घेते. दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवणं हा आळशी उपाय, त्यानं फक्त चौकटीजवळची भिंत गार पडते. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. एक साधा आर्द्रतामापक टांगा. आकडा ५० टक्क्यांच्या खाली हवा, कडाक्याच्या थंडीत आणखी खाली. उंची रंग पुढच्या वर्षी.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे बागेचा नळ. 'आमचा नळ न गोठणारा आहे' असं अभिमानानं सांगतात आणि त्यालाच होजपाइप लावून ठेवतात. या नळाची झडप भिंतीच्या आत, उबेत असते आणि बंद केल्यावर पुढचं पाणी बाहेर गळून जातं, सगळी करामत एवढीच. होज लावलेला असला की पाणी अडतं, गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप चिरतो. हिवाळाभर काहीच कळत नाही, कारण चीर झडपेच्या पुढे असते. वसंतात झाडांना पाणी घालायला नळ सोडला की धार भिंतीच्या आत. त्यामुळे पहिल्या गार रात्रीआधी होज काढा. नळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवलाय का तेही बघा, घाईत काम उरकणारे प्लंबर तेवढंच विसरतात. नळ साधा असेल तर आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरची तोटी उघडीच ठेवायची.

पायाभोवतीचा भराव पहिल्या वर्षी हमखास बसतो आणि पाणी घराकडे वळतं. दहा फुटांत सहा इंच उतार राहील इतकी माती पुन्हा टाका, जमीन गोठायच्या आत. पन्हळीत गवंड्यांनी टाकलेला कचरा असतो, तो काढा. न्हाणीघराचा पंखा वाफ माळ्यावर सोडतोय का, वर चढून स्वतः बघा. फटी भरायचं सीलंट डब्यावरचं तापमान वाचून वापरा. बहुतेक सीलंट ५ अंशांखाली नीट धरत नाहीत, पण डबा वाचतो कोण?

छताच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबायला लागले तर हातोडा घेऊन चढू नका. घरातली ऊब माळ्यातून निसटतेय आणि छतावरचा बर्फ वितळून कडेला पुन्हा गोठतोय. माळ्याच्या झाकणाभोवतीच्या फटी बुजवा, इन्सुलेशन म्हणजे ऊब अडवणारा थर बघा. मात्र वळचणीची हवेची भोकं त्याच इन्सुलेशननं बुजवून ठेवू नका.

गावाला जाताना हीटिंग पूर्ण बंद करण्याची काटकसर नको, १३ अंशांवर ठेवा. आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते बांधणाऱ्याकडून आत्ताच दाखवून घ्या, त्याच्यापुढे फर्निचर ठोकून व्हायच्या आत.