‘गॅस झालाय’ म्हणत तास घालवू नका: हार्ट अटॅकच्या वेळी होणाऱ्या चुका

जानेवारीतली पहाट. काका पलंगाच्या कडेला बसले होते. पंखा बंद, तरी बनियन घामाने पाठीला चिकटलेलं. “काही नाही गं, रात्रीची भजी बाधली,” म्हणाले. काकूंनी ओवा दिला, मग सोडा. ढेकर आली, जरा बरं वाटलं. त्यात दोन तास गेले. काका वाचले, पण हृदयाचा जो भाग तेवढ्यात निकामी झाला तो कायमचा. आता एक जिना चढताना दोनदा थांबतात.

ढेकर आली म्हणजे गॅसच होता, हा समज सगळ्यात घातक. हृदयाच्या खालच्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की दुखणं पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं, अगदी पित्तासारखं. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, हात, जबडा किंवा पाठीत कळ, मळमळ, धाप आणि थंडगार घाम, यांतलं काही अचानक सुरू झालं तर 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं. घरातली बाई “दमले असेन” म्हणते आणि आपण ते मान्य करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

रुग्णाला जिना उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून उचला. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं तर नकोच. वाटेत शुद्ध हरपली तर काय करणार? ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वाट पाहू नका. ईसीजी आणि अँजिओप्लास्टीची (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी आतून फुग्याने उघडण्याची) सोय असलेलं रुग्णालय गाठा. ते लांब असेल, तर रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळ कुठे मिळतं ते 108 वर विचारा.

शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी, जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असला तर ती आणखी उतरवते. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधारण 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. गिळायला नाही, चावायला. त्याने औषध लवकर लागू पडतं.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढायला आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी) करायला सांगा.

जोरजोरात खोकून अटॅक थांबतो, हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला खोटा आहे.

माणूस कोसळला, हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि मधूनच घरघरत आचके देतोय, तर तो श्वास समजू नका. तोंडात पाणी घालू नका. कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. बरगडी मोडेल म्हणून हात हलका करू नका. दर दोन मिनिटांनी दाबायला दुसऱ्याला बसवा, कारण दमलेले हात खोल दाबत नाहीत.