देवाचे पूर्वज्ञान आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य: या प्रश्नाचा विचार कसा करावा

उद्या मी काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल आणि देव चुकू शकत नसेल, तर उद्या मला वेगळे काही करता येईल का? आणि येत नसेल, तर माझ्या पापाचा जाब मला का द्यावा लागावा? हा प्रश्न बहुधा असा एका दमात विचारला जातो आणि त्याचे उत्तरही एका दमात मिळावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत, आणि ते वेगळे करणे हे पहिले काम आहे.

पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे: आधीच कोणाला तरी ठाऊक असलेले कृत्य स्वतंत्र असू शकते का? दुसरा संकल्पाचा आहे: जे जे घडते ते सारे देवाने ठरवलेले असते का? तिसरा कृपेचा आहे: पापाने जखडलेली इच्छा आपल्या बळावर देवाकडे वळू शकते का? इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने, माणूस आपल्या बळावरच निष्पाप राहू शकतो, या पेलागियसच्या शिकवणीचा धिक्कार केला तो तिसऱ्या प्रश्नावर. १५२४ मध्ये मानवतावादी विद्वान इरास्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि पुढच्याच वर्षी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिले, त्या वादाचे मूळही प्रामुख्याने तिथेच आहे. ल्यूथरचे वाक्य उचलून पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केले की गोंधळ ठरलेलाच. म्हणून कोणताही लेखक वाचताना तो या तिघांपैकी कोणत्या प्रश्नाशी झुंजत आहे, याची समासात नोंद करावी.

दुसरे काम देवाच्या स्वभावाविषयीची वचने समोर ठेवण्याचे आहे, आणि माझ्या मते ते तर्काला हात घालण्यापूर्वीच करावे. दुष्टाच्या मरणात देवाला संतोष नाही, असे यहेज्केल १८:२३ सांगते. देव कोणालाही पापाच्या मोहात पाडत नाही, असे याकोब १:१३ सांगते. सर्वांचे तारण व्हावे अशी त्याची इच्छा आहे, असे १ तीमथ्य २:४ सांगते. त्यांच्याच शेजारी यशया ४६:१० लिहावे, जिथे देव आरंभापासूनच शेवट कळवतो, आणि स्तोत्र १३९:४ लिहावे, जिथे जिभेवर शब्द येण्याआधीच तो त्याला ठाऊक असतो. यांपैकी एकही वचन दुसऱ्याला गिळून टाकणार नाही, ही पुढच्या साऱ्या विचाराची अट. हा क्रम मुद्दाम सुचवत आहे. ज्याने ‘सर्वज्ञ’ आणि ‘सर्वशक्तिमान’ या दोन विशेषणांपासून सुरुवात केली, त्याच्या हाती बहुधा एक यंत्रणा लागते, आणि मग त्या यंत्रणेत प्रीतीला जागा कशी करावी असा पेच पडतो. ख्रिस्ती विश्वासाची ओळख मात्र वधस्तंभावर दिसलेल्या देवाशी आहे, आणि त्याच वधस्तंभाविषयी प्रेषितांची कृत्ये २:२३ एकाच वाक्यात म्हणते की येशूला देवाच्या ठाम संकल्पानुसार आणि पूर्वज्ञानानुसार सोपवून देण्यात आले, आणि अधर्मी लोकांच्या हातून त्याला मारवणारे लोक दोषी आहेत. प्रश्नाची दोन्ही टोके या एकाच वचनात हजर आहेत.

आता तर्क. ‘देवाला जे ठाऊक आहे ते घडलेच पाहिजे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि बहुतेक गाडी इथेच अडते. एक अर्थ असा की देवाला ठाऊक आहे आणि तरी ते घडले नाही, असे होणे अशक्य आहे. हे खरे आहे. दुसरा अर्थ असा की ते कृत्य स्वतःच अटळ आहे. हे पहिल्यातून निघत नाही. सहाव्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ बोएथियसचे उदाहरण इथे उपयोगी पडते: माणूस बसलेला आहे हे मी खरोखर जाणत असेन, तर तो बसलेलाच असला पाहिजे, पण माझ्या जाणण्याने त्याला बसवलेले नाही, तो बसला आहे म्हणून माझे जाणणे खरे आहे. संत ऑगस्टीननेही हेच धरून ठेवले होते की पूर्वज्ञान म्हणजे जबरदस्ती नव्हे.

इथे समाधान मानून थांबणारे पुष्कळ आहेत, पण थांबू नये, कारण एक अडचण उरते. भूतकाळ कोणाच्याच हाती नसतो. देवाचे जाणणे काल घडून गेले असेल, तर आजचे माझे कृत्य त्या न बदलणाऱ्या कालच्या दिवसाशी जखडले गेले. १९६५ मध्ये नेल्सन पाइक या तत्त्वज्ञाने हीच अडचण अत्यंत काटेकोरपणे मांडली, आणि तिला नुसत्या ‘जाणणे म्हणजे घडवणे नव्हे’ या वाक्याने उत्तर देता येत नाही. बोएथियसने मृत्युदंडाची वाट पाहत कैदेत असताना, सुमारे ५२४ मध्ये, याचे उत्तर काळाच्या दिशेने शोधले होते: देव काळाच्या रांगेत उभा नाही, त्याचे जीवन एकाच वेळी पूर्ण आहे, म्हणून तो ‘आधी’ जाणत नाही, फक्त जाणतो. तेराव्या शतकातील धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने हे पुढे नेले. रस्त्यावरून चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावर उभा असलेला सारी वाट एकदम पाहतो, असे त्याने म्हटले.

या उत्तराची कसोटी येशूचा शिष्य पेत्र याच्या नाकारण्यावर घ्यावी. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशूने त्याला मत्तय २६:३४ मध्ये सांगितले. ते शब्द अनंतकाळात नव्हे, एका ठरावीक रात्री, पेत्राच्या कानांवर पडले, म्हणजे ज्ञान काळात उतरले आणि भूतकाळाची अडचण पुन्हा उभी राहिली. चौदाव्या शतकातील तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम इथे मदतीला येतो. त्याच्या विचारातून निघालेला भेद असा: भूतकाळाविषयीची काही विधाने केवळ बोलण्याच्या रूपात भूतकाळाची असतात, त्यांचा खरेपणा पुढे घडणाऱ्या गोष्टीवर टेकलेला असतो. देवाचे पूर्वज्ञान अशा प्रकारचे असेल, तर पेत्राचे कृत्य त्या ज्ञानावर नव्हे, ते ज्ञान पेत्राच्या कृत्यावर टेकते. माझ्या मते हे उत्तर ज्ञानासाठी पुरेसे बळकट आहे. उच्चारून झालेल्या भाकितासाठी ते थोडे ताणावे लागते, आणि तो ताण प्रामाणिकपणे मान्य करावा.

यानंतर १ शमुवेल २३:९–१३ सावकाश वाचावे. दावीद कईला नगरात असतो. आपला पाठलाग करणारा राजा शौल येईल का, आणि नगरातले लोक मला त्याच्या हाती देतील का, असे तो देवाला विचारतो. देव दोन्हींना होय म्हणतो. दावीद नगर सोडतो, शौल येत नाही, कोणी कोणाला सोपवून देत नाही. म्हणजे जे कधी घडलेच नाही, पण अमुक परिस्थितीत घडले असते, तेही देवाला ठाऊक होते. स्पॅनिश येशूसंघीय (जेझुइट) लुइस दे मोलिना याने १५८८ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा ज्ञानाला ‘मध्यज्ञान’ मानून सारी मांडणी उभारली: कोणता स्वतंत्र जीव कोणत्या परिस्थितीत काय निवडेल हे जाणून देव जग निर्माण करतो, म्हणून त्याची योजना ढळत नाही आणि निवडणाऱ्याचा हातही धरला जात नाही. डोमिनिकन या दुसऱ्या कॅथोलिक संघाच्या धर्मशास्त्र्यांनी यावर कडाडून आक्षेप घेतला, रोममध्ये १५९८ पासून चौकशी चालली, आणि १६०७ मध्ये पाचव्या पोप पॉल यांनी कोणालाही पाखंडी न ठरवता दोन्ही पक्षांना परस्परांवर ठपका ठेवण्यास मनाई केली. त्या आक्षेपाचा गाभा आजही जिवंत आहे: अद्याप निर्माणच न झालेल्या माणसाने काय निवडले असते, हे खरे कशामुळे ठरते? कईलाची कथा मध्यज्ञानाला आधार देते, पण या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

संकल्पाच्या प्रश्नाकडे वळताना कॅल्व्हिनच्या विचारातून आलेल्या सुधारित (रिफॉर्म्ड) परंपरेचे तिच्याच शब्दांत ऐकावे. तिचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाचे अधिकृत निवेदन, म्हणतो की जे काही घडते ते देवाने ठरवले आहे, आणि त्याच दमात म्हणतो की देव पापाचा कर्ता नाही आणि जीवांच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. या मांडणीत स्वतंत्र असणे म्हणजे आपल्याला हवे ते करता येणे. वेगळे निवडता येणे ही अट त्यात नसते. योसेफाच्या भावांनी वाईट योजले, देवाने त्याच कृत्यात चांगले योजले (उत्पत्ती ५०:२०), हा तिचा भक्कम आधार. पण दुसऱ्या कामात लिहून ठेवलेली वचनांची यादी इथे बाहेर काढावी. देवाने ठरवले आणि देवाला संतोष नाही, ही दोन्ही वाक्ये एकत्र कशी उभी राहतात, याचे उत्तर या परंपरेला द्यावे लागते, आणि देवाची ठरवणारी इच्छा वेगळी आणि आज्ञा देणारी इच्छा वेगळी, या तिच्या भेदाने मला पूर्ण समाधान मिळत नाही. उलट टोकाला, १९९४ नंतर गाजलेले मुक्त ईश्वरवादी म्हणतात की स्वतंत्र कृत्यांचे भविष्य अजून ठरलेलेच नाही, म्हणून ते न जाणणे हे देवाच्या ज्ञानातले न्यून नव्हे. उत्पत्ती २२:१२ मधील ‘आता मला कळले’ त्यांना अक्षरशः घेता येते. यशया ४६ आणि पेत्राची रात्र मात्र त्यांना जड जाते.

देवाला पस्तावा झाल्याच्या वचनांबाबत घाई करू नये. १ शमुवेल १५ या एकाच अध्यायात ११ व्या आणि ३५ व्या ओवीत परमेश्वराला पस्तावा होतो, आणि मधल्या २९ व्या ओवीत तो माणसासारखा पस्तावा करणारा नाही असे सांगितले आहे. लेखकाला विसंगती दिसली नसेल असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. मिसरचा राजा फारो याच्या कठोर मनाचेही तसेच: निर्गमच्या आठव्या अध्यायात तो आपले मन आपणच कठोर करतो, ९:१२ मध्ये परमेश्वर ते कठोर करतो, आणि हे होणार असल्याचे देवाने ४:२१ मध्येच सांगून ठेवलेले असते. तिन्ही वचने एकत्र वाचल्याशिवाय कोणत्याही पक्षाने फारोला साक्षीला बोलावू नये. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायालाही हाच नियम लावावा. तिथल्या कुंभार आणि मातीच्या दृष्टांतावर थांबू नये, अकराव्या अध्यायाच्या ३२ व्या ओवीपर्यंत, म्हणजे देवाला सर्वांवर दया करायची आहे या वाक्यापर्यंत जावे, कारण पौलाचा युक्तिवाद तिथे पोहोचतो.

आणि हा प्रश्न विचारणारा माणूस शोकात असेल, तर वरील क्रम बाजूला ठेवावा. ज्याचे मूल गेले आहे तो पूर्वज्ञानाच्या तर्काविषयी विचारत नसतो. देवाला हे हवे होते का, एवढेच त्याला विचारायचे असते. अशा वेळी मोलिनाचे वा वेस्टमिन्स्टरचे नाव न काढता आपला मित्र लाजर याच्या कबरेशी रडलेल्या येशूविषयी बोलावे, आणि ऑकमपर्यंतचे सारे विवेचन तो पुन्हा विचारेल तेव्हासाठी राखून ठेवावे.