मोठ्या ॲम्प्लिफायरआधी विजेचा हिशेब

गाडीत मोठ्या क्षमतेची ध्वनियंत्रणा बसवायची असेल, तर सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) निवडण्यापूर्वी गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे वीज तयार करणारे यंत्र, किती अँपिअर देतो हे पाहावे. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक छापलेला कमाल वॅटचा आकडा बहुधा जाहिरातीपुरताच असतो. हिशेब आरएमएस वॅटवरच, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीवरच, करावा. १००० आरएमएस वॅटचा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरात तो १२५० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ९० अँपिअर ओढतो. प्रत्यक्ष संगीतात सरासरी ओढ याहून बरीच कमी असते हे खरे. परंतु दिवे, एसी आणि इंजिनाची गरज भागवून लहान गाडीच्या अल्टरनेटरकडे एवढा प्रवाह क्वचितच उरतो, आणि मग ठोक्यागणिक हेडलाइट मंदावू लागतात. कपॅसिटर लावून हे भागत नाही, कारण तो वीज क्षणभर साठवतो, निर्माण करीत नाही. मोठा अल्टरनेटर घ्यावा, नाहीतर ॲम्प्लिफायर लहान करावा.

वायर शुद्ध तांब्याचीच असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर तेवढ्याच जाडीत कमी प्रवाह पेलते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत बसवावा आणि त्याचे मूल्य वायरच्या क्षमतेपेक्षा कधीही जास्त ठेवू नये, कारण वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग रोखणारी फ्यूज हीच एक वस्तू असते. वायर घासू नये म्हणून पत्र्यातील छिद्राला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी) लावण्यास मात्र दुकानदार हमखास विसरतात.