समुद्राच्या थीमवर कपडे करायचेत? मग आधी पाण्यात उतरा

महिन्यातनं दोन-चार मेसेज तरी येतातच, ताई मी डायव्हिंग करतो, मला समुद्राच्या थीमवर कपड्यांचं काहीतरी सुरू करायचंय, कुठून सुरू करू? प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते, जरा लांबेल, पण मला हे सगळं सांगणारं कोणी नव्हतं आणि त्यात माझी दीड-दोन वर्षं गेली.

मी इचलकरंजीची, डायव्हरांसाठी आणि समुद्राच्या थीमवर कपडे करते. आमच्याकडे सकाळची जाग मागाच्या खटखटीनं येते, आप्पांचे स्वतःचे माग होते, लहानपणी शाळेतून आले की कांड्या भरायला बसायचे. त्यामुळे टेक्स्टाईल इंजिनिअरिंगला जाणं हा काही मोठा निर्णय वगैरे नव्हता, गावातल्या निम्म्या पोरांचं तेच. समुद्र मात्र लग्नकार्याला रत्नागिरीला जाताना लांबून बघितलेला तेवढाच. डिसेंबर २०१७ ला मैत्रिणींबरोबर मालवणला गेले, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ट्राय डाईव्ह केला, इन्स्ट्रक्टरनं मागून टाकी धरलेली, जेमतेम वीस मिनिटं. बाहेर आल्यावर बोटीत बसून मी रडत होते, का ते आजपण नीट सांगता येत नाही. किल्ला हजारदा चित्रात बघितलेला आणि त्याच्या बुडाशी प्रवाळ आहे, त्यात मासे घर करून राहतात, हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, हेसुद्धा मला नंतर कळलं.

तर पहिली गोष्ट. ट्राय डाईव्ह म्हणजे डायव्हिंग नाही. तुम्हाला डायव्हरांसाठी कपडे करायचे असतील तर निदान ओपन वॉटर कोर्स करा, त्यात १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते, तीन-चार दिवस लागतात. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीचं सेंटर आहे, तिथे ट्रेनिंगसाठी खोल पूल आहे, मालवणात खासगी सेंटरपण आहेत. सीझन ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात समुद्र बंद. आणि कोर्स झाल्या झाल्या डिझाईन करायला बसू नका. तीस-चाळीस डाईव्ह होऊ द्या. पहिल्या दहा डाईव्हमध्ये तुमचं सगळं लक्ष स्वतःच्या श्वासाकडे असतं, मासे दिसायला लागतात ते नंतर.

हे का सांगतेय, तर माझं पहिलं रॅशगार्डचं, म्हणजे पाण्यात घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या शर्टाचं, डिझाईन लालभडक होतं, स्क्रीनवर काय सुंदर दिसायचं! ते घालून पाण्यात उतरले, १२ मीटरवर मैत्रिणीनं फोटो काढला, तर माझ्या अंगावर मळकट तपकिरी काळपट काहीतरी. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, पहिल्या काही मीटरातच तो जायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा, निळा सगळ्यात खोलवर पोचतो. टॉर्च मारला तर लाल परत दिसतो, पण सारखा टॉर्च कोण मारणार. हे पुस्तकात वाचलेलं होतं मी, तरी चूक केली. अंगावर घालून खाली गेल्यावर जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं.

दुसरी चूक बाहीची. जॅकेट चढवताना, टाकी पाठीला घेताना बाही कोपरापर्यंत वर सरकायची. आमच्या बोटीवरचे दादा, ज्यांचं अख्खं आयुष्य समुद्रात गेलंय, त्यांना सॅम्पल घालायला दिलं तर दोन मिनिटांत म्हणाले, "बाय, ही बाही वर सरकता, जेलीफिश लागलो तर मगे काय करूचा?" त्या दिवशी घरी येऊन मनगटाला अंगठ्याचं लूप लावलं. मग वेट बेल्टखाली (वजनाच्या पट्ट्याखाली) शिवण येऊ नये म्हणून खालची शिवण सरकवली, मागची चेन टाकीच्या खाली रुतायची म्हणून काढूनच टाकली, आणि सगळी शिलाई फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट बसणारी, केली, कारण साध्या ओव्हरलॉकच्या शिवणी खाऱ्या पाण्यात दोन तास अंगाला घासल्या की काखेत साल निघतं. जो बोट चालवतो, जो दिवसाला चार डाईव्ह मारतो, त्याच्या अंगावर सॅम्पल आठ दिवस राहू द्या, त्यानंतर बोला.

आता चित्रांबद्दल, कारण बहुतेकांना ह्यातच रस असतो आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. डॉल्फिन उडतोय, मागे सूर्यास्त, असलं नका करू, बाजारात ढिगानं आहे. खरा प्राणी नीट बघा. व्हेल शार्कचं उदाहरण घ्या, त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. कल्ल्यांच्या मागचा भाग फोटोत टिपून संशोधक एकेक मासा ओळखतात, आणि ते ठिपके जुळवायची जी पद्धत वापरतात ती मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवायला खगोलशास्त्रात बनवलेली होती! हे कळल्यावर मला मनाला येतील तसे ठिपके काढायची लाजच वाटायला लागली. आता मी आधी संदर्भाचे फोटो जमवते, सागरी जीवशास्त्र शिकलेल्या एका ओळखीतल्या मुलीला दाखवते, ती म्हणाली कल्ले पाच हवेत तर पाच. आणि लांबचं कशाला, आपल्याकडेच पाकट आहे, गोब्रा आहे, वेळासच्या किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले कासवं आहेत. बाजारात टोपलीत बघितलेला गोब्रा आणि कपारीतून तोंड काढून तुमच्याकडे बघणारा गोब्रा यात फार फरक आहे, तो फरक कपड्यावर आणता आला तर तुमचं काम वेगळं दिसेल.

कापड. इथे मी टेक्स्टाईलवाली असूनसुद्धा अडखळले, कारण आमच्या गावाला सवय विणलेल्या सुती कापडाची, ताणा-बाणा, आणि पाण्यातल्या कपड्याला लागतं ताणणारं, बनियनसारखं फाशांचं ‘निट’ कापड, त्याचं जग वेगळं. रॅशगार्डला साधारण ८० टक्के नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि २० टक्के स्पँडेक्स असं मिश्रण असतं. पॉलिएस्टरवर सब्लिमेशन प्रिंट होते, म्हणजे साधारण २०० डिग्रीला शाईचा वायू होऊन तो धाग्याच्या आतच जाऊन बसतो, प्रिंट सोलवटत नाही. सुतीवर ही प्रिंट बसत नाही आणि नायलॉनवर नीट होत नाही, त्याला वेगळे रंग लागतात. म्हणून नवीन माणसाला पॉलिएस्टर सोपं. पण एक लक्षात ठेवा, सब्लिमेशन केलेलं कापड फार ताणलं की मधून पांढरं दिसायला लागतं, म्हणजे छातीवर, मांडीवर तुमचा सुंदर मासा फिकट होतो, मापं नीट घ्या. सुरतेला एका प्रिंटवाल्याकडे माझे पहिले ६० पीस केले, सॅम्पलला दाखवलेलं कापड एक आणि बॅचला लावलेलं दुसरं, हातात घेतल्याबरोबर जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) कमी आहे हे कळलं, पण पैसे आधीच देऊन बसलेले. तेव्हापासून मी मंजूर सॅम्पलचा तुकडा कापून, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या घेऊन एक माझ्याकडे एक त्यांच्याकडे ठेवते, आणि पूर्ण पैसे माल बघितल्याशिवाय देत नाही. आप्पा हे तीस वर्षं करत होते, माझ्याच लक्षात आलं नाही.

यूपीएफ हा शब्द कानावर येईल. यूपीएफ ५० म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा फक्त आत येतो. साधा पांढरा सुती टीशर्ट कोरडा असताना ५ च्या आसपास, भिजला की अजून कमी. लॅबमधून टेस्ट करून घेतल्याशिवाय लेबलवर आकडा छापू नका. पूर्ण बाह्यांचा कपडा घातला की सनस्क्रीन कमी लागतं, हा समुद्राच्या दृष्टीनंसुद्धा फायदा आहे, प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाई राज्यानं ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केलीय.

आणि आता जे सांगणार आहे ते टाळून पुढे जाऊ नका प्लीज. हे सगळं कापड म्हणजे प्लास्टिक आहे. २०१६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी कपडे मशीनला धुवून बघितले, ६ किलो पॉलिएस्टरच्या एका धुण्यातून जवळपास ५ लाख तंतू सुटू शकतात असं निघालं. म्हणजे मी कासवाच्या प्रेमापोटी कपडा करायचा आणि त्याच कपड्याचे तंतू गटारातून नदीत, नदीतून कासवाच्याच समुद्रात. हे वाचल्यावर मी तीन महिने काम थांबवलं होतं, खरंच. मग माझ्यापुरता नियम केला, जमिनीवर घालायचं ते सगळं सुती, टीशर्ट, कुर्ते, टोप्या, सगळं. सिंथेटिक फक्त पाण्यात घालायच्या कपड्याला, तिथे सुती चालतच नाही, भिजून जड होतं आणि वाळत नाही. आणि त्या कपड्याबरोबर एक कागद जातो, गोड्या पाण्यात हातानं खळबळवा, सावलीत वाळवा, रोज मशीनला टाकू नका. सुती टीशर्टवर प्रिंट करतानासुद्धा विचारा, प्लास्टिसॉल शाई म्हणजे पीव्हीसी, त्याऐवजी वॉटर-बेस्ड घ्या, थोडी महाग पडते, हात लावला तर मऊ लागते.

मग रिसायकल? सगळे म्हणतात जाळ्यांपासून धागा करा. इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीचा इकोनिल धागा खरंच तसा आहे, नायलॉन ६ ची जुनी जाळी, जुन्या गालिच्यांचे तंतू वगैरे परत मूळ रसायनापर्यंत नेऊन पुन्हा धागा काढतात, स्लोव्हेनियात त्यांचा प्लँट आहे. युरोपात डायव्हरांनी समुद्रातनं काढलेली जाळीसुद्धा तिकडे जातात. पण प्रत्येक जाळं नायलॉनचं नसतं, आपल्याकडे ट्रॉलची जाळी जास्त करून एचडीपीई ह्या वेगळ्या प्लास्टिकची असतात, त्यांचा हा धागा होत नाही. त्यामुळे मालवणात चार जाळी काढली आणि त्याचा टीशर्ट झाला असं सांगणारा कोणी भेटला तर शांतपणे कागद मागा. जीआरएस, म्हणजे माल रिसायकल केलेला असल्याचं, सर्टिफिकेट असतं, पण नुसतं कंपनीचं सर्टिफिकेट नाही, तुम्ही घेतलेल्या त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मागा. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून ग्रीनवॉशिंगबद्दल, म्हणजे पर्यावरणाच्या नावानं केलेल्या खोट्या दाव्यांबद्दल, सरकारी मार्गदर्शक सूचनापण आल्यात, पुरावा नसताना इकोफ्रेंडली लिहिणं आता नुसतं वाईट नाही, अडचणीचंही आहे. आणि जाळी काढायला एकट्यानं उतरू नका, त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं, जाळ्यात माणूसही अडकतो.

जगात कोणी हे नीट करतं का, तर हो. मायामीचा वॉटरलस्ट बघा, सागरी विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, त्यांची प्रत्येक प्रिंट एकेका प्राण्याची आणि त्या प्राण्यावरच्या संशोधनाशी जोडलेली. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं फोर्थ एलिमेंट दोन डायव्हरांनी १९९९ मध्ये काढलं. यांचे कपडे उलटे करून शिवणी बघा, पॅकिंग बघा. नक्कल नका करू, कुठे काय विचार केलाय तो वाचायला शिका.

कागदपत्रांचं पटकन सांगते. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. ट्रेडमार्क कपड्यांसाठी क्लास २५ मध्ये, एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाईन सरकारी फी ४,५०० रुपये, नाव छापायच्या आधी करा. प्रवाळ, समुद्रघोडे, कित्येक शंख वन्यजीव कायद्यात येतात, त्यामुळे फोटोशूटला शोभेला प्रवाळ, शंखाची बटणं, असल्या भानगडीत पडूच नका. पोट भरायला पहिली दोन वर्षं दुसरी नोकरी ठेवा, मी टेस्टिंग लॅबमध्ये होते, आणि ब्रँडच काढला पाहिजे असंही नाही, ज्याला पाण्यातलं पॅटर्न कटिंग येतं अशी माणसं शोधूनही सापडत नाहीत.

आणि नफ्यातला वाटा समुद्राला देणार म्हणत असाल तर कोणाला देणार ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर मच्छीमारांना धरून काहीतरी करा. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात योजना आहे, जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याची भरपाई मिळते, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. सोडताना फोटो, व्हिडिओ लागतो. आम्ही सुरुवातीच्या पैशातून वॉटरप्रूफ मोबाईल पाऊच घेतले आणि रापण ओढणाऱ्या, गिलनेटवाल्या ओळखीच्या लोकांना वाटले, त्याच्यावर अर्ज कसा करायचा ते मराठीत छापलं. वीस-पंचवीस पाऊच, एवढंच. पण त्यातल्या एकानं पुढच्या सीझनला कासव सोडतानाचा व्हिडिओ पाठवला, बारा सेकंदांचा, सगळा हलतोय, शेवटी फक्त पाण्यात एक भोवरा आणि मागून "गेला गेला" असा आवाज. तो मी अजून ठेवलाय.

आत्ता जून चालू आहे, मासेमारी बंद, बोटी वर ओढून झापाखाली ठेवल्यात. ह्या दिवसांत मी सॅम्पल आणि दुरुस्त्या करते. विकलेला कुठलाही पीस परत पाठवा, फुकट शिवून देते, हे पहिल्यापासून आहे. बोटीवरच्या दादांचं रॅशगार्ड काल एसटीच्या पार्सलनं आलंय, चार सीझन वापरलेलं, दोन्ही कोपरं गेलीत आणि मान उसवलीय. त्या फसलेल्या ६० पीसमधलं कापड जपून ठेवलंय मी, त्याचीच ठिगळं कापायला घेतलीत.