टोकियोत घर शोधताय? भाग निवडताना या चुका टाळा

टोकियोत नोकरी लागली की पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांना ओळखीतून पहिला सल्ला मिळतो तो निशी-कासाईचा. "सगळे आपले लोक तिथेच आहेत." सल्ला चांगलाच आहे. एदोगावा वॉर्डातल्या या भागात डाळ-तांदळाची दुकानं आहेत, भारतीय शाळा आहे आणि 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. चूक होते ती तेवढ्यावरच घर पक्कं करण्यात.

आधी ऑफिसचं स्टेशन बघा. निशी-कासाई तोझाई मेट्रो लाइनवर आहे. ओतेमाची, निहोनबाशीला जाणाऱ्यांना ती सरळ पडते. ऑफिस शिनागावा किंवा योकोहामाला असेल तर गाड्या बदलण्यातच रोजचा बराच वेळ जाईल. शिवाय या लाइनवरच्या फास्ट गाड्या उरायासूनंतर थेट तोयोचोला थांबतात. कासाई आणि निशी-कासाई दोन्ही वगळतात. कोविडच्या आधी सकाळच्या गर्दीत या लाइनच्या डब्यांत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असायची. म्हणून घर ठरवण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता तो प्रवास एकदा करून बघाच. त्याच लाइनचं पश्चिमेचं टोक नाकानो. तिथून बऱ्याच गाड्या रिकाम्या सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. आपली दुकानं लांब पडतील, पण रोज दोन वेळा बसून जाणं मला त्याहून मोलाचं वाटतं.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि ती घर बघताना डोळ्यांना दिसत नाही: जमीन किती सखल आहे, हे न तपासणं. टोकियोचा पूर्व भाग नद्यांच्या गाळाचा, पश्चिम भाग मुसाशिनो पठाराचा. एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डानेच 2019 मध्ये काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, मोठा पूर आला तर इथे थांबू नका, असं स्पष्ट बजावलं होतं. पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असाही त्यात इशारा आहे. म्हणून हा भाग सोडून द्यावा असं मी म्हणणार नाही, पण तळमजला तरी घेऊ नका. आणि नकाशा अख्ख्या वॉर्डाचा नको, चोमेचा, म्हणजे वॉर्डातल्या छोट्या वस्तीचा बघा. निशी-कासाई स्टेशनच्या दक्षिणेचा सेइशिन-चो भराव टाकून केलेला, आणि म्हणून आजूबाजूपेक्षा उंच आहे. अर्थात भरावाचा वेगळा धोका असतो; 2011 च्या भूकंपात शेजारच्या उरायासूत भरावाची जमीन चिखलासारखी पातळ होऊन रस्ते आणि घरं खचली होती.

ऑगस्ट 2020 पासून करारापूर्वी एजंटने पूर-नकाशावर घराची जागा दाखवणं बंधनकारक आहे. पण तोवर मन त्या घरात गुंतलेलं असतं. पहिल्याच भेटीत मागा. पश्चिमेकडे घर बघत असाल तर आगीचं विचारा: कोएनजीसारख्या भागांत अरुंद गल्ल्यांत लाकडी घरं एकमेकांना खेटून आहेत. टोकियो महानगर सरकार प्रत्येक चोमेला भूकंपाच्या धोक्यानुसार 1 ते 5 क्रमांक देतं, 5 म्हणजे सर्वाधिक धोका. इमारतीला 1 जून 1981 नंतर बांधकाम परवानगी मिळाली आहे का, हेही विचारा. त्या दिवसापासून भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक झाले.

जाहिरातीतल्या 'स्टेशनपासून 10 मिनिटं'वर विसंबू नका. तिथे 80 मीटरला एक मिनिट असा हिशेब असतो. सिग्नलला थांबणं आणि चढ त्यात धरलेले नसतात. बाबागाडी ढकलत, पावसात, तेच अंतर चालून बघा.

लहान मूल असेल तर पाळणाघराचा अर्ज वॉर्ड ऑफिसकडे जातो. एप्रिलच्या प्रवेशाचे अर्ज साधारण आदल्या वर्षाच्या शेवटी घेतले जातात. वॉर्डाची हद्द ओलांडून दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं तरी ऑफिस आणि नियम बदलतात.

घाईत घर घेऊन बसला असाल तर करार काढून वाचा. करार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाला अनेकदा एक महिन्याचं भाडं जातं. घर सोडण्याची सूचना साधारण महिनाभर आधी द्यावी लागते, पण वर्षाच्या आत सोडलं तर दंडाचं कलम आहे का ते तपासा. नूतनीकरणाच्या तारखेआधी तीन महिने नवा भाग शोधायला लागा. तेव्हा यूआर या सरकारी संस्थेची घरं जरूर बघा: तिथे मालकाला द्यायचं, परत न मिळणारं रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार नाही, नूतनीकरणाचं शुल्कही नाही. अजून भारतातच असाल तर पहिले एक-दोन महिने महिन्याच्या भाड्याच्या सुसज्ज खोलीत काढा आणि आवडलेल्या भागात रात्री दहा वाजताही चक्कर मारून या.